काळीच्या खोऱ्यात तारेवरून

डोंगराळ मुलखात राहणाऱ्या माणसाला दरी हा जन्माचा अडसर असतो. समोरच्या टेकडीवरचा चुलीचा धूर दिसतो, तेथील कुत्र्याचे भुंकणे ऐकू येते. पण तेथे पोहोचावयाचे तर खाली उतरून, ओढा ओलांडून, पुन्हा दम खात वर चढावे लागते. आपल्या खानापूर, चंदगड, जोयडा या भागांतील लोकांना हे नव्याने सांगावयास नको. पावसाळ्यात साकव वाहून गेला म्हणजे पलीकडच्या वाडीतील आजाऱ्याला अलीकडे आणणे किती कठीण होते, हे त्यांनी पाहिलेले आहे. निरनिराळ्या देशांतील डोंगरी लोकांनी या अडचणीवर जे उपाय शोधले, त्यांतील एक म्हणजे दरीच्या दोन्ही काठांना दोर बांधून त्यावरून घसरत जाणे. हाच उपाय आज ‘झिपलाईन’ या नावाने करमणुकीचा प्रकार होऊन आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. यंदाच्या हिवाळ्यात धर्मग्रामातील काही मुलामुलींना घेऊन आम्ही त्याचा अनुभव घेतला. त्याची हकीकत व त्या निमित्ताने सुचलेले चार विचार वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमचा मार्ग खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट असा होता. रामनगर आले तेव्हा मुलांना गाडीतूनच ते गाव दाखविले. काळी नदीवर गणेशगुडीजवळ जे सुपा धरण आहे, ते १९८७ साली पुरे झाले. त्याची उंची १०१ मीटर. जुने सुपा गाव त्याच्या जलाशयाखाली गेले आणि तेथील कित्येक कुटुंबे रामनगरात येऊन वसली. आपण ज्या विजेच्या दिव्याखाली अभ्यास करतो, त्यासाठी कोणी तरी आपली चूल व आपले अंगण सोडलेले असते, हे मुलांनी लहानपणीच जाणलेले बरे.

काळी ही काही फार मोठी नदी नव्हे. सह्याद्रीत उगम पावून सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून कारवारजवळ ती समुद्रास मिळते. पण तिच्या दोन्ही काठांवरचे अरण्य पाहिले की मन शांत होते. दांडेलीचे अभयारण्य १९५६ सालचे. पुढे अणशी आणि दांडेली मिळून २००७ साली व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला या नदीचेच नाव मिळाले. सकाळच्या वेळी धनेश पक्ष्यांची जोडी डोक्यावरून गेली, तेव्हा त्यांच्या पंखांचा फडफडाट इतका मोठा होता की एका मुलाने वाऱ्याची झुळूक आली असे समजून वर पाहिले.

व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीबाहेर, एका टेकडीच्या उतारावर ती झिपलाईन होती. तीन तारा, मध्ये थोडी थोडी पायवाट, सोबत दोन वाटाडे आणि सर्व मिळून तासाभराचा फेरफटका, असा तो बेत. पहिली तार लहान, जणू सरावासाठी. दुसरी एका ओढ्यावरून जाणारी. तिसरी सर्वांत मोठी, सुमारे २०० मीटरांची. वाटाड्यांपैकी मोठा होता तो जोयडा तालुक्यातीलच, पंचविशीतला तरुण. पूर्वी तो गोव्यात एका हॉटेलात भांडी घासावयास होता. गावाजवळ काम मिळाले म्हणून परत आला. आता आईबापांपाशी राहतो आणि पावसाळ्यात, तारा बंद असतात तेव्हा, घरची भातशेती पाहतो. “फादर, हात तेच, काम दुसरे,” असे तो हसून म्हणाला.

तारेवर जाण्यापूर्वी अर्धा तास तयारीत गेला. कमरेला व मांड्यांना आवळून बसणारे जाड पट्टे, डोक्यावर हेल्मेट, हातांत कातडी मोजे. पट्ट्यांपासून दोन दोऱ्या निघतात व प्रत्येकीच्या टोकाला एक पोलादी कडी असते. ही कडी आपोआप उघडू नये म्हणून तिच्या तोंडावर मळसूत्र फिरवून बंद करतात. मुलींनी वेण्या बांधून अंगरख्यात खोवल्या, ओढण्या काढून ठेवल्या. गळ्यातील पदके व साखळ्याही त्या तरुणाने आदराने, परंतु निक्षून, कपड्यांच्या आत घालावयास लावल्या. नंतर त्याने प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि तेच काम दुसऱ्या वाटाड्याकडून पुन्हा करविले. “एकाने तपासले ते तपासले नाही,” हे त्याचे शब्द आम्ही तेथल्या तेथे टिपून घेतले.

हे यंत्र समजावयास सोपे आहे. विहिरीवर कप्पी जागेवर असते आणि दोर धावतो. येथे तार जागेवर असते आणि कप्पी धावते. सुरुवातीचे मचाण उंच, शेवटचे त्याहून सखल. आमच्या मोठ्या तारेला शंभर मीटरांस सुमारे तीन मीटर इतका उतार होता. तेवढ्या उतारावर माणूस ताशी तीस-पस्तीस किलोमीटर वेगाने जातो. मात्र तार सरळ रेघेसारखी नसते. मध्यभागी तिला झोक असतो. म्हणून माणूस मध्यापर्यंत वेग घेतो, पुढे किंचित चढ लागून तो वेग आपोआप उणावतो आणि शेवटी वाटाडे त्याला लगामाच्या दोरीने थांबवितात.

हा झोक म्हणजे तारेचा ढिलेपणा असे एका मुलाला वाटले. वस्तुतः त्यातच तिची सुरक्षितता आहे. आपल्या अंगणातील वाळवणाची दोरी अगदी ताठ बांधून तीवर ओली गोधडी टाकली तर खिळा उपटून येतो. थोडी सैल ठेवली तर तीच गोधडी ती सुखाने पेलते. २०० मीटर तारेच्या मध्यावर ७० किलो वजनाचा माणूस असला आणि तार तेथे ४ मीटर झुकली, तर त्याच्यामुळे तारेवर सुमारे ८७५ किलोंचा ताण पडतो. तीच तार ताणून झोक एका मीटरावर आणला, तर ताण साडेतीन हजार किलोंवर जातो. तारेच्या स्वतःच्या वजनाचा ताण निराळाच.

हे ज्ञान मनुष्याने मोठी किंमत देऊन मिळविले आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातील श्रूजबरी शहरी रॉबर्ट कॅडमन नावाचा एक कारागीर होता. देवळांच्या उंच मनोऱ्यांची दुरुस्ती हा त्याचा धंदा. आणि मनोऱ्यापासून जमिनीपर्यंत दोर बांधून, छातीला खाच पाडलेली लाकडी फळी बांधून, तीवरून घसरत येणे हा त्याचा खेळ. १७३९ सालच्या, म्हणजे आजच्या गणनेने १७४० च्या, फेब्रुवारीत संत मरियेच्या देवळाच्या मनोऱ्यावरून तो निघाला. दोर फार ताठ आहे, तो सैल करा, अशी त्याने खूण केली. खालच्या माणसांनी तिचा उलटा अर्थ घेऊन दोर अधिक ताणला, असे सांगतात. दोर तुटला आणि कॅडमनचा अंत झाला. त्याच्या स्मरणाचा लेख त्या देवळाच्या भिंतीवर अद्याप आहे.

कॅडमनला तो खेळ होता. इतरांना तो रोजचा रस्ता होता. चीनच्या युन्नान प्रांतात नू नावाची नदी खोल दरीतून वाहते. तिच्या काठच्या लिसू लोकांत ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथे पिढ्यान्‌पिढ्या लोक दोरावरून नदी ओलांडीत. प्रथम बांबूच्या वाखाचे दोर, पुढे पोलादी तारा. जेथे सोय असे तेथे दोन दोर बांधीत: एक जाण्यासाठी पलीकडे उतरता, दुसरा येण्यासाठी अलीकडे उतरता. बाजारहाट, शाळेची मुले, डुकरे, घोडीसुद्धा याच मार्गाने जात. नेपाळात अशा तारेला ‘तुइन’ म्हणतात. तीवरून पडून माणसे दगावत, म्हणून अलीकडच्या वर्षांत तेथील सरकारने तुइनच्या जागी झुलते पूल बांधण्याचे काम हाती घेतले. ऑस्ट्रेलियात दऱ्यांपलीकडे सामान धाडण्यासाठी अशी तार वापरीत आणि तिला तेथल्या मोठ्या वटवाघळाच्या नावावरून ‘उडता कोल्हा’ म्हणत. करमणुकीच्या सफरी फार नंतरच्या. कोस्टा रिका देशात १९७०च्या दशकात अरण्याच्या माथ्यावरील जीवसृष्टी अभ्यासण्यासाठी शास्त्रज्ञ दोरांच्या साहाय्याने झाडांवर चढू लागले. १९९०च्या दशकात त्या देशात प्रवाशांसाठी तारांच्या सफरी सुरू झाल्या व तेथून त्या जगभर पसरल्या.

आता आमच्या मुलांची गोष्ट. आमच्या तुकडीत बारा वर्षांची एक मुलगी होती. तिचे वडील वारले आहेत. आई मोलमजुरी करते. मुलीला पाठवावयास ती माऊली तयार नव्हती. “फादर, मला ही एकच,” एवढेच ती म्हणाली. आम्ही तिला शब्द दिला की, जे जे तपासावयाचे ते आम्ही स्वतः पाहू आणि मुलीच्या मनात भय असेल तर तिला आग्रह करणार नाही. तिसऱ्या तारेपाशी तिची पाळी आली, तेव्हा आम्ही तिला विचारले. तिने मान हलविली आणि मचाणावरून पाय उचलले.

वजनदार माणूस तारेवरून वेगाने जातो. हलके मूल वाऱ्याच्या अडथळ्याने मंदावते. मुलगी शेवटच्या मचाणाच्या पंधरा-वीस हात अलीकडे येऊन थांबली आणि झोकामुळे हळूहळू मागे घसरू लागली. खाली ओढ्याचे खडक. आम्ही पलीकडच्या काठावर आधीच पोहोचलो होतो. तिचा चेहरा आम्हांला स्पष्ट दिसत होता. त्या क्षणी तिच्या आईचे शब्द आमच्या कानांत घुमले, हे लपविण्यात अर्थ नाही.

त्या तरुणाने घाई केली नाही. “भिऊ नको गे. तार तुला सोडायची नाही. पाठ माझ्याकडे कर, कप्पीला हात नको, मागची तार धर आणि एकेक हात घे,” असे तो शांतपणे सांगत राहिला. बोलता बोलता त्याने आपली कडी तारेला लावली, दुसरी लावली, दोन्ही ओढून पाहिल्या आणि मगच तो तिच्याकडे सरकला. तोवर मुलीने सात-आठ हात अंतर स्वतः कापले होते. मचाणावर पाय टेकल्यावर ती रडेल असे आम्हांला वाटले. ती म्हणाली, “दादा, शेवटचे मीच ओढले ना?” तो म्हणाला, “तूच ओढलेस.” परतीच्या वाटेवर ती पुढे चालत होती.

वाचकहो, मुलांना धाडस शिकवावे की नाही, असा प्रश्न आईबाप आम्हांला विचारतात. विशेषतः मुलींच्या बाबतीत तो विचारला जातो. आमचे उत्तर असे की, धाडस शिकवावे, पण आधी ते कशावर उभे आहे हे पाहावे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुणे जिल्ह्यातील एका करमणुकीच्या उद्यानात एका तरुणीला झिपलाईनपायी प्राणास मुकावे लागले. तार तुटली नव्हती. तारेवर जाण्याच्या तयारीत असतानाच ती मचाणावरून खाली पडली. म्हणजे धोका हवेत असतो तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, मचाणावर असतो, जेथे आपण निर्धास्त असतो.

म्हणून घरातून कोणी अशा ठिकाणी निघाले तर काही गोष्टी अवश्य पाहाव्यात. मचाणाला मजबूत कठडा आहे काय, आणि मचाणावर चढल्यापासून उतरेपर्यंत निदान एक कडी कोठे तरी अडकविलेली राहते काय? दोन दोऱ्या, दोन कड्या आहेत काय? पट्टे झिजलेले, उसवलेले तर नाहीत? वजनाची मर्यादा सांगतात काय, आणि मूल मध्येच थांबले तर त्याला आणावयास कोण जाईल, हे विचारल्यावर उत्तर मिळते काय? दोन्ही मचाणांवर माणूस आहे काय, आणि पलीकडून खूण आल्यावाचून इकडून कोणास सोडीत नाहीत ना? पाऊस, वारा, वीज असताना सफर बंद ठेवतात काय? यांपैकी एकाही प्रश्नास टाळाटाळीचे उत्तर मिळाले तर पैसे गेले तरी चालतील, पण परत फिरावे. जो खरा जाणकार आहे त्याला असे प्रश्न विचारल्याचा राग येत नाही. आमच्या त्या तरुणाला तर आनंदच झाला.

आणखी एक गोष्ट. डोंगरातील असे खेळ वाढत आहेत. ते कोठे व कसे वाढावेत याचा विचार गावकऱ्यांनी केला पाहिजे. झाडांना खिळे ठोकून, कर्ण्यावर गाणी लावून, बाटल्यांचा खच पाडून जो धंदा चालतो, तो धनेशाला हाकलून देतो आणि गावाच्या हाती काही ठेवीत नाही. उलट जेथे गावचीच मुले शिकून वाटाडे होतात, तेथे गोव्याला वा बेळगावला गेलेला मुलगा घरी परततो आणि बापाच्या शेताला नांगर लागतो.

मुलगी सुखरूप घरी पोहोचली. तिच्या आईने तिला काय विचारले हे आम्हांस ठाऊक नाही. पण पुढच्या रविवारी ती माऊली आमच्याकडे येऊन म्हणाली की, पुढच्या वर्षी सहल निघाली तर मुलीचे नाव आधीच लिहून ठेवावे. आम्ही ते लिहून ठेवले आहे.