पालखी दारावरून जाते तेव्हा

मैत्रिणींनो, परगावची जत्रा बघायला आपण किती हौसेनं जातो! रिझर्वेशन काढा, चिवडा-लाडवाचे डबे भरा, शेजारणीकडे किल्ली द्या, काय नि काय. आणि आपल्याच गावावरून एवढा मोठा सोहळा जात असतो, तेव्हा मात्र आपण ओट्यापाशी उभं राहून कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो. निदान मी तरी मोजत होते.

माझं माहेर साताऱ्याकडचं. ह्यांची नोकरी चाकणच्या कारखान्यात, म्हणून 2021 साली आम्ही दिघीला राहायला आलो. दिघी तुम्हांला ठाऊक नसेल. पुण्याहून आळंदीला जाताना लागतं ते. एका बाजूला लष्कराची हद्द, दुसऱ्या बाजूला भोसरीचे कारखाने, आणि मधे आमच्या इमारती. 1997 साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, पण जुनी माणसं अजून 'गावात जाऊन येते' असंच म्हणतात. दत्तगडाच्या टेकडीवर दत्ताचं देऊळ आहे, दत्तजयंतीला तिथं चढून जायची मजा वेगळीच. पण दिघीचं खरं भाग्य म्हणजे हा आळंदी रस्ता! ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं, आणि दुसऱ्या दिवशी, नवमीला, पालखी आमच्या दारावरून पुण्याला जाते.

2020 आणि 2021 ही दोन वर्षं साथीमुळे पायी वारी झाली नव्हती. पादुका एस.टी.नं पंढरपूरला गेल्या होत्या. त्यामुळे 2022 साली वारकऱ्यांचा लोंढा काय विचारता! पहाटेपासून टाळांचा आवाज घरात येत होता. मी मात्र वैतागलेली. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड, रस्ता बंद म्हणून दूधवाला आला नव्हता, आणि ह्यांचे दोन मित्र सहकुटुंब पालखी बघायला यायचे होते. पोह्यांची परात घेऊन बसले होते, तेवढ्यात दार वाजलं.

दारात पन्नाशीच्या दोघी बायका. डोक्यावर तुळशीवृंदावन, पदर खोचलेले, पाय चिखलानं भरलेले. मला वाटलं, चहापाणी हवं असेल. त्यातली एक हळूच म्हणाली, "माय, जरा आडोसा मिळंल का? रातीपासून जागाच गावली न्हाई."

आता खरं सांगते, लपवत नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आली ती पाण्याची टाकी. दोघींना हो म्हटलं तर मागून वीस येतील, आणि पाहुणे आल्यावर काय करायचं? मी म्हटलं, "पाणी नाही हो आमच्याकडे." ती बिचारी म्हणाली, "असू दे माय, राम कृष्ण हरी," आणि दोघी जिना उतरून गेल्या. मी दार लावलं. मग पाहुणे आले, पोहे झाले, गॅलरीतून रथ पाहिला, फोटो काढले. पण मला त्या दिवशी माउली काही दिसली नाही. रात्री सासूबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अन्न काय, रस्त्यावर कुणीही देतं ग. बाईला आडोसा बाईच देणार."

तेव्हापासून मी वारीबद्दल विचारायला, वाचायला लागले. पालखीची आजची शिस्त लावली ती हैबतबाबांनी. ते आमच्याच साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, हे कळलं तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी हा सोहळा सुरू केला. आळंदीच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे, तिथं आधी माथा टेकतात. अश्व येतात ते बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसरा रिकामा, कारण तो माउलींचा. पुढे नगारखान्याची गाडी, मग अश्व, मग दिंड्या, आणि मग चांदीचा रथ. हा क्रम माहीत असला की गर्दी गर्दी वाटत नाही. लग्नघरातली माणसं ओळखीची निघावीत तसं होतं.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे 2023 साली, आम्ही इमारतीतल्या आठजणींनी महिनाभर आधी बैठक घेतली. आदल्या दिवशी पिंपं भरून ठेवली. खालच्या मजल्यावरच्या दोन न्हाणीघरांची दारं फक्त बायकांसाठी उघडी ठेवली, आणि फाटकावर पुठ्ठ्याची पाटी लावली, 'माउलींच्या लेकींसाठी'. माझ्याकडे साबण, जुनी पण स्वच्छ लुगडी आणि सॅनिटरी पॅड देण्याचं काम. पहिल्यांदा आम्हांलाच लाज वाटत होती. पण बायका आल्या, आंघोळी केल्या, ओले केस मोकळे सोडून ओट्यावर टेकल्या. एकीनं मला उखाणा घ्यायला लावला! पाणी पुरलं का? पुरलं. संध्याकाळी आमची भांडी मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहिली, नि कुणाचं काही अडलं नाही.

त्या गेल्या वर्षीच्या दोघी काही दिसल्या नाहीत. लाखो माणसांत कशा दिसणार? तरी प्रत्येक तुळशीवृंदावन आलं की मी आधी चेहरा बघत होते, आणि अजून बघते.

तुम्हांला हा सोहळा बघायला यायचं असेल, तर काही गोष्टी सांगते. तारीख तिथीवर ठरते, तेव्हा दिनदर्शिकेत ज्येष्ठ वद्य नवमी बघून ठेवा. रस्ता बंद होण्याआधी, सकाळी लवकर पोचा. मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी घाला. गर्दीत चपला तुटतात, म्हणून पट्ट्याचे सँडल बरे. काही द्यायचं असेल तर तळकट नको. दिवसभर चालणाऱ्याला पिठलं-भाकरी, केळी, लिंबाचं सरबत सोसतं. पायांना चोळायला तेल, सुईदोरा, फोन चार्ज करायची सोय, ह्या वस्तूंना तर फार मागणी. आता वाटेवर फिरती शौचालयंही ठेवलेली असतात, पण रांगा मोठ्या असतात. घर रस्त्याकाठी असेल तर एक दार उघडं ठेवाच.

आणि गर्दीची भीती वाटत असेल, तर एरवी कधीतरी आळंदीला जा. कार्तिक वद्य एकादशीची यात्रा सोडून एखादा साधा बुधवार धरा. इंद्रायणीचा घाट, समाधिमंदिर, अजानवृक्ष, सुवर्णपिंपळ, आणि चांगदेवांना भेटायला निघालेली ती भिंत. सगळं निवांत बघून होतं. मुलांना मुक्ताबाईच्या मांड्यांची गोष्ट तिथंच सांगा. गावानं वाळीत टाकलेल्या भावंडांना खापरसुद्धा मिळेना, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली आणि बहिणीनं तिच्यावर मांडे भाजले, अशी ती कथा. लहानपणी मला त्यातला चमत्कारच तेवढा आवडायचा. आता वाटतं, कुणीतरी एक खापर दिलं असतं, तर चमत्काराची गरजच पडली नसती.

आमच्याकडे आता ज्येष्ठ लागला की मुलगी आठवण करते, "आई, पिंपं धुवायची ना?" गॅलरीतून रथ बघायला पाहुणे अजूनही येतात. त्यांना मी पोहे देते, आणि एक एक बादलीही हातात देते.