सूट बघून निवडलेलं हॉटेल

माटुंग्यात राहायला आल्यावर बाहेर जेवायचं ठरलं की मी आधी फोनवर बघायचे, आज कुठे किती सूट आहे. तिथे काय चांगलं मिळतं, ते हॉटेल कधीपासून आहे, तिथे कोण जेवतं, हे विचारायचं माझ्या मनातही येत नसे. ही सवय मला महाग पडली. नव्या वस्तीत राहायला येणारे पुष्कळजण हेच करताना दिसतात, म्हणून माझ्या चुका सविस्तर सांगते.

पहिली चूक हिशेबाची. ‘तीस टक्के सूट’ बघून आम्ही दोघं एका नव्या हॉटेलात गेलो. अटी वाचल्या त्या टेबलावर बसल्यावर : बिल किमान १,२०० रुपयांचं हवं आणि सूट जास्तीत जास्त २५० रुपये. एरवी आमचं ७०० रुपयांत भागलं असतं. आकडा गाठायला दोन स्टार्टर आणि एक गोड पदार्थ जास्तीचा मागवला. पदार्थांचे १,२४० झाले, सूट जाऊन ९९० राहिले. मग मूळ रकमेवर दहा टक्के सेवाशुल्क म्हणजे १२४ रुपये, आणि त्या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. शेवटी भरले १,१७० रुपये. एरवीपेक्षा चारशेहून जास्त गेले, आणि पोट भरल्यामुळे एक स्टार्टर अर्धा तसाच टाकून उठलो. अन्न टाकल्याचं मला आजही वाईट वाटतं.

सेवाशुल्क परस्पर बिलात लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. ‘हे काढा’ एवढंच म्हणायचं होतं. मी बिल न वाचता पैसे दिले.

दुसरी चूक याहून मोठी. माटुंग्यातली जुनी हॉटेलं मी ‘साउथ इंडियन’ या एकाच खणात टाकली होती. कुठेही गेले की मसाला डोसा मागवायचा, आणि सगळीकडे सारखंच मिळतं म्हणून तिथे पुन्हा जायचं नाही. शेजारच्या मामी एकदा म्हणाल्या, ‘‘अगं, डोसा तर तुझ्या घराखालीही मिळतो. तिथे गेल्यावर आज काय आहे ते विचार.’’

तसं विचारायला लागल्यावर माटुंगा कळू लागलं. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सुधार ट्रस्ट आला, त्यानं दादर-माटुंग्याची वसाहत आखली आणि नोकरीसाठी आलेली दक्षिणेकडची माणसं इथे वसली. त्यांच्यातल्या एकट्या राहणाऱ्यांना घरच्यासारखं जेवण हवं होतं, त्यातून बोर्डिंगं उभी राहिली. स्टेशनजवळचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, रामाश्रय १९३९ चं. उडुपी पद्धतीच्या सांबारात गुळाची गोडी असते, तमिळ घरातलं सांबार आंबटाकडे झुकतं. रसम वडा मागवला तर गरम, पातळ रसमात बुडालेला वडा येतो. मिरीचा झणका आधी नाकाला लागतो. वडा मऊ पडेपर्यंत थोडं थांबायचं आणि मग चमच्यानं तोडायचा. किंग्ज सर्कलकडे फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेली इडली मिळते, खोट्टो. पान सोडवताना त्याचा वास इडलीला लागलेला जाणवतो. त्याच भागात कूलरचं जुनं इराणी हॉटेलही आहे. सूट शोधण्याच्या नादात हे सगळं मी मागे टाकून पुढे जात होते.

तिसरी चूक दिवस आणि वेळेची. गावाहून आलेल्या सासूबाईंना केळीच्या पानावरचं जेवण द्यायचं म्हणून हौसेनं सोमवारी निघालो. इथली काही जुनी हॉटेलं नेमकी सोमवारी बंद असतात. पुढे रविवारी दुपारी एकला गेलो, तर रांग जिन्याच्या खालपर्यंत आलेली. जेवणाची खोली पहिल्या मजल्यावर आहे, हेही मी विचारलं नव्हतं. गुडघे दुखत असताना सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. माझ्यामुळे त्यांना हा त्रास झाला. नंतर मी त्यांची माफी मागितली. आता वडीलधाऱ्यांना न्यायचं असलं तर आधी फोन करून बंदचा वार, जिना आणि गर्दीची वेळ विचारते.

खरी सवलत या हॉटेलांतच आहे, हेही उशिरा कळलं. थोडी भूक असेल तर ठरावीक वाढीची थाळी, भरपूर जेवायचं असेल तर पानावरचं पोटभर जेवण. किंमत आधीच फळ्यावर लिहिलेली असते, त्याला अटी नसतात. अनोळखी माणसांसोबत एका टेबलावर बसायला लागतं, पण समोरच्याच्या ताटात काय आहे ते बघून नवा पदार्थ कळतो.

फोनवरची सूट घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. मीही घेते. पण हॉटेल आधी ठरवा, सूट नंतर बघा. किमान बिल आणि सवलतीची मर्यादा घरूनच वाचून निघा. आणि बिलावरची प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. नव्या वस्तीत कुठे जेवायचं, हे मात्र तिथे जुन्या असलेल्या शेजाऱ्यांना विचारा.