गोरी काढाल ना?

"आजी, गोरी काढाल ना?"

खुर्चीवर बसल्या बसल्या तिने पहिला प्रश्न विचारला तो हा. मी दिव्याच्या स्टँडचा स्क्रू आवळत होते. हात तिथेच थांबला.

पण हे मधूनच सुरू झालं. पहिल्यापासून सांगते.

मुलाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना इथे साताऱ्याला ठेवून गेला. "आई, तू शीक, वेळ जाईल." माझा वेळ एरवीही छान जातो, पण कॅमेरा हातात घेतला आणि अडकलेच. वर्षभर फुलं झाली, मांजर झालं, गच्चीवरून दिसणारा अजिंक्यतारा सगळ्या ऋतूंत काढून झाला. मग माणसांचे चेहरे काढावेसे वाटू लागले. चेहरा म्हटला की प्रकाश आला. दोन एलईडी दिवे, दोन स्टँड आणि एक सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे लावायची पांढऱ्या कापडाची पेटीच ती) असं सामान घरपोच मागवलं. आमचे हे म्हणाले, "आता या वयात स्टुडिओ टाकणार का?"

या वयाचं म्हणाल तर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनला (जन्म आपल्या कलकत्त्याचा बरं का!) लेक-जावयांनी कॅमेरा भेट दिला तो १८६३ च्या डिसेंबरात, तेव्हा ती ४८ वर्षांची होती. त्या काळात ४८ म्हणजे म्हातारीच. आणि तिची आवडती मॉडेल कोण, तर घरात कामाला असलेली मेरी हिलियर. त्या मुलीला कॅमेऱ्यासमोर बसायचा काय अनुभव असणार? तरी तिला कधी मेरीमाता तर कधी ग्रीक कवयित्री करून बसवलं आणि ते फोटो आज संग्रहालयांत आहेत. हे सगळं मी ह्यांना ऐकवलं. ते पेपर वाचत होते.

माझी पहिली मॉडेल मात्र नारळ! स्टुलावर तांब्या, तांब्यावर नारळ. पण नारळाला नाक नसतं, आणि प्रकाशाचा सगळा खेळ नाकाच्या सावलीवर आहे. म्हणून कणकेचं नाक करून चिकटवलं. दिवा अगदी समोर ठेवला की चेहरा पापडासारखा सपाट दिसतो. अगदी बाजूला नेला की अर्धा चेहरा अंधारात बुडतो. मधोमध, म्हणजे साधारण ४५ अंशांवर आणि डोक्याच्या जरा वर ठेवला, की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या बाजूला डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. रेम्ब्रांटच्या चित्रांत असा उजेड दिसतो म्हणून त्याचंच नाव या पद्धतीला पडलंय. तो त्रिकोण नारळावर उमटला तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

दिवा चार फुटांवरून दोन फुटांवर आणला की उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाचे सर रजेवर असले की ऑफ तासाला त्यांच्या वर्गावर जायचे, तेव्हा हा व्यस्त वर्गाचा नियम फळ्यावर लिहिल्याचं आठवतं. मला तो समजला मात्र आत्ता, नारळामुळे.

तर नारळाची चटणी झाल्यावर माणूस हवं होतं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यासाठी स्थळं बघतायत, फोटो हवा होता. मावशी म्हणाल्या, "बाई, तुमचा सराव होईल, आमचं काम होईल." रविवारी दुपारी ती आली. मोरपंखी साडी, हातात बांगड्या, आणि चेहऱ्यावर पावडरीचा थर. मान आणि चेहरा दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतका!

आणि वर तो प्रश्न. "बघू या," म्हटलं आणि दिवा लावला.

मागे आमची पांढरी भिंत. पहिला फोटो काढला. चेहरा काळाकुट्ट, नाकडोळेसुद्धा धड दिसेनात. तिने पडद्यावर पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाली, "येतच नाहीत माझे फोटो चांगले. सगळीकडे असेच येतात."

चूक तिच्या रंगाची नव्हती, माझी होती. कॅमेऱ्याचा मीटर बिचारा आंधळा असतो. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. जग सरासरीने मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून तो चालतो. पांढरी भिंत दिसली की त्याला वाटतं उजेड फार झाला. मग तो उजेड कमी करतो, आणि त्यात भिंतीपुढचं माणूस काळवंडतं. मग मी भिंतीवर माणदेशातलं काळं घोंगडं टांगलं आणि कॅमेरा तसाच ऑटोवर ठेवून दुसरा फोटो काढला. आता उलटं झालं. काळं पाहून मीटरने उजेड वाढवला आणि चेहरा मैद्याच्या गोळ्यासारखा पांढरा! नाक गेलं, गाल गेले, हनुवटीवरचा तीळ गेला. मी तो पुसून टाकणार तेवढ्यात ती जवळजवळ ओरडलीच, "आजी, हाच! हाच द्या!"

तो फोटो मी आधी पाहिलेला होता.

१९६४ साली माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोटो काढायला वडील आम्हाला तालुक्याच्या गावी घेऊन गेले होते. मी तेरा वर्षांची, उगाच सोबत. स्टुडिओत मागे राजवाड्याच्या जिन्याचं चित्र रंगवलेला पडदा, शेजारी फुलदाणी. फोटोग्राफरने अक्काच्या तोंडावर स्वतः पावडर फासली आणि वडिलांना म्हणाला, "काळजी करू नका, बाकी मी बघतो." तेव्हा निगेटिव्हवर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने काम करत. निगेटिव्ह जिथे गडद होईल तिथे फोटो उजळ येतो. आठ दिवसांनी फोटो हातात आला. अक्काने तो बराच वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाली, "छान आलाय."

फोटो पसंत पडला, पाहुणे आले. अक्काने पोहे दिले. दोन घास खाऊन मुलाची आत्या म्हणाली, "मुलीला बोलवा ना." मुलगी समोरच उभी होती! कुणीतरी तसं सांगितलं. मग ती एकदा अक्काकडे, एकदा हातातल्या फोटोकडे बघत राहिली. आणि मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि ही धाकटी का?" मी आईसारखी उजळ. अक्काने काही न बोलता रिकाम्या कपबशा गोळा केल्या आणि आत गेली. मी तिच्यामागे गेले नाही. का गेले नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

अक्काचं लग्न पुढच्या वर्षी झालं, फोटो न मागता आलेल्या माणसाशी. संसार चांगला झाला. पण ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर आली नाही. लग्नकार्यात फोटोची वेळ झाली की ही स्वयंपाकघरात. २०११ साली ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधला. मतदार ओळखपत्रावरचा एक टिकलीएवढा काळा डाग होता, आणि दुसरा होता तो १९६४ चा. हार त्याच फोटोला घातला. भाचे त्याला नमस्कार करतात. ती बाई अक्का नाही.

यातलं पोरीला मी काही सांगितलं नाही. लग्न ठरायच्या आधी कुणाला असल्या गोष्टी सांगू नयेत. म्हटलं, "हा तुझा ठेव. पण मला आणखी अर्धा तास दे, माझा सराव राहिलाय." तोंड धुऊन यायला सांगितलं. पावडर सावळ्या कातडीवर दिव्याखाली राखेसारखी दिसते. वरून खोबरेल तेलाचं एकच बोट गालांवर आणि कपाळावर फिरवलं. सावळ्या चेहऱ्याला आकार येतो तो त्याच्यावरच्या चमकेतून, हे मला तेलकट तपकिरी नारळाने शिकवलं होतं. (हे तिला सांगितलं नाही!) कॅमेरा मॅन्युअलवर घेतला आणि भिंत-घोंगडं सोडून फक्त तिच्या गालापुरता उजेड मोजला. तोही मीटर सांगेल त्याहून थोडा कमी ठेवला, नाहीतर तो तिचा गालही करडाच करायला बघतो.

यंत्राला तरी काय दोष द्यायचा? कोडॅक कंपनी रंग जुळवायला फोटोच्या लॅबना जे नमुना कार्ड देत असे, त्यावर वर्षानुवर्षं एका गोऱ्या बाईचा फोटो होता. 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. ती बरी दिसली की लॅबचं काम बरोबर. फिल्ममध्ये तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी केली, तेव्हा कंपनीने मनावर घेतलं म्हणे. माणसांच्या आधी चॉकलेटचा नंबर लागला. असो.

सॉफ्टबॉक्स तिच्या अगदी जवळ आणला. दिवा जितका मोठा आणि जवळ, तितक्या सावलीच्या कडा मऊ. दुसऱ्या बाजूला दुसरा दिवा न लावता थर्माकोलचा पत्रा उभा केला. 'अपराजितो'च्या वेळी, १९५६ साली, सुब्रत मित्रांनी स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या घरावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्याच्यावर मारून परतणारा उजेड वापरला होता. आपलं थर्माकोल त्याच घराण्यातलं.

दिवे जमले, पण मुलगी लाकूड झालेली. मान ताठ, हात मांडीवर, ओठ घट्ट. "सहज बस" म्हटलं की आणखी अवघडायची. वर्गात कविता म्हणायला उभं केलेलं मूल असंच करतं. त्याला 'घाबरू नको' म्हणून उपयोग नसतो, खडू आणायला पाठवायचं. म्हणून मी हात पुढे केला आणि म्हटलं, "माझी नाडी बघ गं जरा, सकाळपासून धडधडतंय."

क्षणात वेगळीच मुलगी! माझं मनगट धरलं, डोळे घड्याळावर, कपाळाला बारीक आठी. कॅमेरा स्टँडवर होता, मी दुसऱ्या हाताने बटण दाबत राहिले. "अठ्ठ्याऐंशी. बीपीची गोळी घेतली का सकाळी?" असं दरडावून विचारत तिने वर पाहिलं, तो फोटो.

संगणकावर मोठा करून दाखवला. दोन्ही डोळ्यांत सॉफ्टबॉक्सचा एक एक चौकोन, गालावर तो त्रिकोण, हनुवटीवरचा तीळ आणि तिचा सावळा रंग, जसा आहे तसा. ती बराच वेळ बघत राहिली. माझ्या पोटात गोळा, कारण 'छान आलाय' हे शब्द मी एकदा ऐकले होते. मग ती म्हणाली, "आजी, ही तर आमची आईच दिसतेय."

दोन्ही फोटो घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी कणीक मळता मळता म्हणाल्या, "बाई, मध्यस्थांना पहिलाच पाठवला. गोरा. राग नका धरू. सगळेच तसे पाठवतात, आता तर मोबाईलच गोरं करून देतो." मी काय बोलणार? मुलगी त्यांची, काळजी त्यांची. दुसऱ्याचं काय झालं विचारलं, तर तो पोरीने तिच्या व्हॉट्सॲपवर लावलाय म्हणे.

पोळ्या झाल्या, ओटा पुसून झाला, तरी मावशी घुटमळत होत्या. शेवटी पदराने हात पुसत म्हणाल्या, "माझा पण काढाल का एक? तिच्यासारखा, दुसऱ्यासारखा. कामाच्या साडीत नको पण."

येत्या रविवारी यायचं ठरलंय. अडचण एकच आहे. मावशींना जाड भिंगांचा चष्मा, आणि काचेत दिवा दिसला की डोळे हरवतात. दिवा थोडा वर चढवून चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचलल्या की चमक खाली निघून जाते, असं वाचलंय. सध्या नव्या नारळाला कणकेचं नाक लावून, त्याच्यावर ह्यांचा जुना चष्मा चढवून सराव चालू आहे.