रिपोर्ट ‘निल’ आला, मग गोळी बंद करायची का?

मला हिपॅटायटीस बी आहे हे मी लपवत नाही, म्हणून लोक मलाच विचारतात. परवा आमच्या बेसा रोडवरचे एक ऑटोवाले दादा म्हणाले, “भाऊ, व्हायरल लोड निल आला न. आता रोज गोळी कायले खायची?”

प्रश्न साधा आहे, पण इथेच घात होतो. म्हणून लिहितोय.

टेनोफोविर, एन्टेकाविर या गोळ्या विषाणूला वाढू देत नाहीत, मुळासकट काढत नाहीत. लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात तो दडून राहतो. रिपोर्ट निल आला याचा अर्थ गोळी काम करतेय. ती बंद केली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो पुन्हा उसळू शकतो. सिरॉसिस असेल तर ही उसळी जिवावर बेतते, म्हणून अशा पेशंटला गोळी बहुधा आयुष्यभर.

मग कधीच सुटत नाही का? काहींची सुटते. सरफेस अँटिजेन निगेटिव्ह झाला तर. पण हे क्वचितच होतं. सिरॉसिस नसेल, ‘ई’ अँटिजेन जाऊन त्याची अँटिबॉडी आली असेल, व्हायरल लोड निल असेल आणि त्यानंतरही किमान वर्षभर गोळी घेतली असेल, तरीही डॉक्टर बंद करण्याचा विचार करू शकतात. पण बंद केल्यावर तपासण्या चुकवून चालत नाही. कॅलेंडर बघून आपल्या मनाने ठरवायची ही गोष्ट नाही.

आता सरकारचं. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. चांगलंच आहे. पण गोळी फुकट असली तरी दिवसाची मजुरी फुकट नसते. गडचिरोली-गोंदियाकडून नागपूरला यायचं म्हणजे भाडं आणि रोजी दोन्ही गेलं. अंगात काहीच दुखत नसताना माणूस किती वर्षं येईल? ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना तीन महिन्यांची गोळी एकदम द्या, आणि तीही तालुक्यालाच. आपल्या लोकप्रतिनिधींना एवढं तरी विचारा.

आणि हो, एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही. घरच्यांची तपासणी करा, निगेटिव्ह असतील त्यांना लस द्या. बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत पहिला डोस. दादांना मी म्हटलं, डॉक्टर थांब म्हणेपर्यंत गोळी चालू ठेवा. तुम्हालाही तेच सांगतो.