घडीचा चाकू

महागाईवर कुरकुरायला कांदाच हवा असे नाही. माझा अमेरिकेतला भाचा घडीच्या चाकूंचा शौकीन आहे आणि हल्ली फोनवर त्यांच्या किमतींचेच रडगाणे गातो. आयडाहोतल्या बॉइझी शहरी, ख्रिस रीव्ह यांच्या नावाच्या कारखान्यात होणारा ‘सेबेंझा’ म्हणे ४०० डॉलरांच्या पुढे गेला. टायटॅनियमची मूठ, भुकटीपासून घडवलेले पोलाद, केसाएवढी फट नाही. हे स्वस्तात कसे मिळावे, असा एका पक्षाचा सवाल. दुसरा पक्ष म्हणतो, धारेचे दाम थोडे, नावाचेच फार! भाचा दोन्हीकडे मान डोलावतो आणि चाकू घेतो.

मी पडलो मराठीचा मास्तर. मला गंमत वाटते नावाची. रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. ‘सेबेंझा’ हा झुलू शब्द आणि त्याचा अर्थ ‘काम’! हे ‘काम’ भाच्याने मखमली पेटीत निजवले आहे. ओरखडा उठला तर विकताना भाव उतरेल ना! सफरचंद कापायला त्याच्याकडे फ्रान्सचा ओपिनेल आहे. लाकडी मुठीचा, १८९० पासूनचा, दहाव्या हिश्श्याहूनही कमी किमतीचा. झकास कापतो, असे भाचाच सांगतो.

“मग तो दुसरा कशाला रे?” त्याची मामी मागून विचारते.

फोन जरा वेळ गप्प असतो.