चेहऱ्याची इजाजत

फोटोवरून पोर्ट्रेट करून घेणारा माणूस चित्र घेऊन जातो आणि फोटो आमच्याकडेच विसरतो. गेल्या दहा-बारा वर्षांत असे पुष्कळ फोटो साठले आहेत. कोणाच्या निकाहातला ग्रुप फोटो, त्यातल्या एका चेहऱ्याभोवती बॉलपेनने गोल केलेला. कोणाचा जुन्या कार्डावरून सोडवलेला, अर्ध्या गालावर शिक्क्याची निळी कमान उमटलेला. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. केले ते उर्दू आणि इतिहास घेऊन. पण हात बरा चालतो म्हणून चित्रकलेचे तासही आमच्याच गळ्यात पडले, आणि संध्याकाळी चार पैसे सुटतात म्हणून पोर्ट्रेटच्या ऑर्डरी. विसरलेले फोटो लोक परत मागायला येत नाहीत. मागत नाहीत म्हणून ते आमचे झाले काय?

ज्यांनी कधी ब्रश धरला नाही त्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण चेहरा रंगवणाऱ्याला विचारा. शंभरातले नव्वद फोटो समोरून फ्लॅश मारलेले असतात. नाक सपाट, हनुवटीखाली सावली नाही, डोळ्यांत जीव नाही. त्यावर चौकटी आखा, मोजून मापून उतरवा, चित्र हुबेहूब होते आणि तरीही मेलेले राहते. मग कधीतरी एखादा फोटो असा येतो की खिडकीचा उजेड एका बाजूने गालावर उतरलेला आहे, कपाळावरची एकेक आठी दिसते आहे. असा फोटो हाती लागला की तो एकदाच वापरून परत द्यावा असे कोणाही चित्रकाराला वाटत नाही. दुसरे चित्र करावे, नमुन्याच्या अल्बमात लावावे, वर्गात पोरांना दाखवावे, प्रदर्शनात मांडावे, असे मोह सुटतात. आणि ज्याने फोटो दिला त्याने तर फक्त भिंतीवर लावायच्या एका चित्रासाठी दिलेला असतो.

कायदा याबाबत काय म्हणतो ते आम्ही मुद्दाम वाचून काढले. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्याचे कलम १७ सांगते की, कोणी पैसे मोजून आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला किंवा पोर्ट्रेट करून घेतले आणि वेगळा करार झालेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे स्टुडिओत पैसे देऊन काढलेल्या फोटोवर हक्क गिऱ्हाइकाचा. आणि आम्ही रात्र रात्र जागून केलेल्या चित्रावरही गिऱ्हाइकाचाच! आमच्या ओळखीच्या कित्येक कलाकारांना हे सांगितले तेव्हा त्यांना खरे वाटले नाही. उलट हौसेखातर चुलतभावाने मोबाइलवर फुकट काढलेला फोटो असेल, तर हक्क त्या चुलतभावाचा. तेव्हा गिऱ्हाइकाने हो म्हणूनही भागत नाही. हा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोलाही हाच हिशेब लागू आहे. हक्क दुसऱ्याला लिहून द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. तोंडी ‘घ्या हो सर, तुमचंच आहे’ याला तिथे फारशी किंमत नाही.

अमेरिकेतला एक खटला या संदर्भात सांगण्याजोगा आहे. लिन गोल्डस्मिथ या फोटोग्राफर बाईंनी १९८१ साली प्रिन्स या गायकाचा फोटो काढला. १९८४ साली एका मासिकाने चारशे डॉलर देऊन तो चित्रकाराला संदर्भ म्हणून वापरण्याची परवानगी घेतली, आणि तीही एकदाच. चित्रकार होते अँडी वॉरहॉल. त्यांनी मासिकासाठी एक चित्र केले आणि त्याच फोटोवरून आणखी पंधरा करून ठेवली. वॉरहॉल १९८७ साली वारले. २०१६ साली प्रिन्सही वारला, तेव्हा मासिकाच्या कंपनीने त्या पंधरांतले एक मुखपृष्ठावर छापून वॉरहॉल यांच्या संस्थेला दहा हजार डॉलर दिले. बाईंना काहीच नाही. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८ मे २०२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी निकाल बाईंच्या बाजूने लागला. एकदा म्हणजे एकदा. आम्हाला मात्र वाचताना सारखे वाटत होते की, फोटो काढणारी आणि रंगवणारा यांचा हा झगडा झाला. ज्याचा चेहरा होता त्याला कोणी विचारले का, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

आमच्या मोहल्ल्यात तो प्रश्न पहिला येतो. तसवीर घरात लावावी की नाही यावरच इथे दोन मते आहेत. आम्ही त्या वादात शिरत नाही, कारण दोन्ही मतांची माणसे आमचे शेजारी आहेत. पण जी बाई आयुष्यभर फोटोला बसली नाही, तिच्या फोटोचे काय?

एसटीतून निवृत्त झालेले एक चाचा आमच्याकडे आले होते. चाची जाऊन दोन वर्षे झाली होती. तिचा एकच फोटो, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. पांढरी पार्श्वभूमी, डोक्यावर ओढणी, चेहरा उघडा. असे फोटो सहसा निर्जीव असतात, हा नव्हता. ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांत एक संकोच, की हे एकदाचे लवकर संपू दे. आम्ही महिनाभर ते चित्र केले. चाचांनी ते पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यानंतर पैसे मोजून दिले, एक रुपयाही कमी न करता.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षकांच्या चित्रांचे प्रदर्शन भरायचे ठरले. त्याच फोटोवरून मोठे तैलचित्र करावे असे आम्हाला फार वाटत होते. अर्धे पान मजकूर तयार केला, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू: या फोटोवरून एक चित्र, या प्रदर्शनात, इतके दिवस, विकणार नाही, छापणार नाही, नाव लिहिणार नाही. तो घेऊन चाचांकडे गेलो. स्टुडिओचे पैसे त्यांनी दिलेले, आमचेही त्यांनीच दिलेले; कायद्याने त्यांची सही पुरेशी होती. चाचांनी चष्मा लावून उर्दू बाजू दोनदा वाचली. म्हणाले, “दस्तखत तो मैं कर देतूं सर, मगर शकल मेरी नई ना.” आणि त्यांनी आतून मुलीला बोलावले.

मुलगी माहेरी आलेली होती. ती म्हणाली, “अम्मीला मीच स्टुडिओत नेलं होतं. फोटोवाला चेहऱ्यावरून ओढणी मागे करा म्हणाला तर ती उठून निघाली. हजला जायचं असेल तर हे लागतंच, असं समजावलं तेव्हा बसली. तिने हजसाठी हो म्हटलं होतं सर. अब्बांच्या खोलीतलं चित्र घरातलं आहे, ते आम्ही समजून घेतलं. पण हॉलमध्ये अनोळखी माणसं तिच्याकडे बघत उभी राहणार?” चाचा म्हणाले, लोक बघतील तर दुआ करतील. ती म्हणाली, दुआ तर न बघताही करता येते. बापलेकीत थोडे वाजले. चहा झाला. कागद आम्ही कोराच घडी घालून परत आणला.

खरे सांगायचे तर वाईट वाटले. ते चित्र झाले असते तर आमच्या हातून झालेले सर्वांत चांगले काम ठरले असते, असे आम्हाला आजही वाटते. प्रदर्शनात आम्ही एका पाणक्या म्हाताऱ्याचे चित्र पाठवले. तो स्वतः येऊन आपल्या चित्राशेजारी उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘मी आहे हा’ म्हणून सांगत होता.

उर्दूच्या तासाला आम्ही ‘इजाजत’ हा शब्द शिकवतो तेव्हा पोरांना तो फक्त ‘सर, पानी पीने जाऊं?’ एवढ्यापुरता माहीत असतो. पण जुन्या खत्तातांमध्ये इजाजत म्हणजे उस्तादाने लिहून दिलेला कागद असे. तो मिळेपर्यंत शागिर्दाने आपल्या अक्षराखाली स्वतःचे नाव घालायचे नाही, अक्षर कितीही सुंदर असो. गिऱ्हाइकाला आम्ही हे सांगतो तेव्हा अर्ध्या पानाचा तो कागद त्याला परका वाटत नाही. नाही तर ‘सर, आमच्यावर भरोसा नाही काय?’ असे विचारणारे निघतातच.

आता हा कागद आम्ही ऑर्डर घेतानाच पुढे ठेवतो. चित्र झाल्यावर विचारले की माणूस भिडेखातर हो म्हणतो. फोटो कोणी काढला, फोटोतले माणूस हयात आहे का, असल्यास त्याला ठाऊक आहे का, हेही विचारतो. मध्यंतरी एक तरुण व्हॉट्सअ‍ॅपवरचा एका मुलीचा डीपी घेऊन आला. म्हणे सरप्राइज द्यायचे आहे. तिला माहीत आहे का, म्हणून विचारले. विचारून येतो म्हणाला, तो अजून आलेला नाही.

चाचांची मुलगी गेल्या वर्षी पुन्हा भेटली. तिला अम्मीचे एक लहान पेन्सिलचित्र हवे होते, तिच्या स्वतःच्या कपाटात आतल्या बाजूला लावायला. आम्ही म्हणालो, जरूर करू, पण हक्क तुमच्या अब्बांचा आहे, त्यांची सही लागेल. ती हसली. दोन दिवसांनी कागद आला. खाली चाचांची थरथरती सही होती आणि वर उर्दूत एकच ओळ: ‘बेटी को दे दीजिए, पैसे मुझ से लीजिए.’