नऊच्या आत घरात!

मे महिन्यात सांगलीला माणसं कशासाठी जातात? लग्नाला, नाहीतर आजोळी पंख्याखाली लोळायला. मी गेले होते पळायला! ऑगस्टअखेर हैदराबादची मॅरेथॉन, आयुष्यातली पहिली फुल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. आता ऑगस्टात पळायचं, तर त्याची तयारी एप्रिल-मेमध्येच सुरू होणार. त्याला इलाज नाही. पुण्याच्या एसी जिममधल्या ट्रेडमिलवर मी तेरा-चौदा किलोमीटर आरामात पळायचे, त्यामुळे फॉर्मात होते. दोन आठवडे मामाच्या घरून लॅपटॉपवर काम करायचं आणि सकाळी मोकळ्या रस्त्यावर ट्रेनिंग करायचं, असा झकास प्लॅन होता. पहिल्याच रविवारी २४ किलोमीटरचा लाँग रन ठेवला होता.

आदल्या रात्री पहाटे साडेचारचा गजर लावला, आणि घरात बॉम्ब पडला.

‘‘साडेचार? अंधारात? एकटी? अजिबात नाही,’’ मामा म्हणाला. ‘‘उजाडल्यावर जा की. रस्ता कुठं पळून जातोय?’’

मामीने मान डोलावली. माझी चिडचिड झाली. एकतिसाव्या वर्षी, स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या मुलीला हे ऐकावं लागतं? पण खरं सांगायचं तर अनोळखी रस्त्यावर, अंधारात, मोकाट कुत्र्यांच्या सोबतीने एकटं पळायची माझीही छाती नव्हती. मुलग्यांना सांगून कळणार नाही, पण उन्हाळ्यात पळणाऱ्या प्रत्येक मुलीपुढे हाच पेच असतो. अंधारात निघावं तर भीती, उजेडात निघावं तर ऊन. मी उजेड निवडला. चहा, मामीचा आग्रह, बुटांच्या लेस असं सगळं होईपर्यंत पावणेसात वाजले होते.

संगमापर्यंत सगळं छान

विश्रामबागेतून निघाले, गणपती मंदिरावरून हात जोडून पुढे गेले आणि हरिपूरच्या रस्त्याला लागले. हरिपूरला कृष्णा आणि वारणा एकमेकींना भेटतात. संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, बाजूला घाट आहे. नाटकवाल्यांना हे गाव गोविंद बल्लाळ देवलांमुळे माहीत असतं आणि व्यापाऱ्यांना हळदीच्या पेवांमुळे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. वर ऊन असो नाहीतर पाऊस, आतली हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुराने या पेवांचं फार नुकसान केलं. पण कल्पना बघा ना. उन्हापासून माल वाचवायचा तर जमिनीच्या पोटात न्यायचा! इथल्या माणसांनी उन्हाशी कधी कुस्ती धरली नाही, ते उन्हाला बगल देत आले.

हे शहाणपण मला तेव्हा सुचलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. घाटावर दोन मिनिटं थांबून फोटो काढले, ऑफिसच्या रनिंग ग्रुपवर टाकले, ‘हाफवे टू ग्लोरी’ वगैरे लिहिलं आणि परत फिरले. विश्रामबागेत सोळा किलोमीटर पूर्ण झाले. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. पण ठरलेत ना चोवीस? मग मिरजेच्या दिशेने चार जायचे, चार यायचे. निघाले.

सतराव्या किलोमीटरला डोकं ठणकायला लागलं. अठराव्याला, भर उन्हात, अंगावर काटा आला. थंडी वाजतेय? मे महिन्यात? मला ते गंमतीशीर वाटलं, आणि तीच खरी धोक्याची घंटा होती. नेहमीचाच वेग होता, पण घड्याळात हृदयाचे ठोके १८० च्या वर गेले होते. एकोणिसाव्या किलोमीटरला रस्ता जरा तिरका दिसायला लागला.

रस्त्याकडेच्या एका रसवंतीवर काका नुकतंच दुकान उघडत होते. मी बाकावर बसले म्हणण्यापेक्षा कोसळलेच. काकूंनी काही न विचारता माठातलं पाणी पंचावर ओतलं, तो ओला पंचा माझ्या डोक्यावर-मानेवर टाकला, पाय बाकावर उचलून ठेवले आणि पुठ्ठ्याने वारा घालायला लागल्या.

‘‘कुणी मागं लागलं हुतं का गं पोरी?’’

‘‘नाही... मॅरेथॉन...’’

काका हसले नाहीत. नीट बघत म्हणाले, ‘‘ताई, ह्या दिवसात बैलं बी धाच्या आत सोडत्यात. त्यास्नी कळतंय न्हवं, म्हणून न्हाई. आपल्याला कळतंय म्हणून.’’

अर्ध्या तासाने मामा स्कूटरवर न्यायला आला. रस्ताभर एक शब्द बोलला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

नेमकं झालं काय होतं?

दुपारभर अंधाऱ्या खोलीत पडून मी वाचत होते. पळताना स्नायूंना रक्त लागतं आणि शरीर गार ठेवायला त्वचेलाही रक्त लागतं. रक्त तेवढंच असतं, गिऱ्हाईकं दोन. घामावाटे पाणी गेलं की रक्तही आटतं, मग हृदय जोरात धावतं. शिवाय नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला तरच गारवा मिळतो. नदीकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता टपकतो. मला झाला तो उष्णतेचा थकवा होता. त्याच्या पुढची पायरी म्हणजे उष्माघात. त्यात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि मग मिनिटामिनिटाला जीव पणाला लागतो. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो असाच उन्हात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. जपानचा शिझो कानाकुरी त्याच शर्यतीत अर्ध्यावर थांबला, एका बागेत पाणी प्यायला आणि घरी परतला. त्याला याची खूप लाज वाटली म्हणतात. पण तो जगला, पुढे आणखी ऑलिंपिक धावला आणि १९६७ मध्ये स्वीडनने त्याला बोलावून ती जुनी शर्यत पूर्ण करायला लावली. ५४ वर्षं लागली, पण पूर्ण झाली!

दोघांच्या गोष्टी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. ऑफिसच्या ग्रुपवर आम्ही कुणाला नावाजलं असतं, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

मामाची स्कूटर

चांगली बातमी एकच होती. शरीराला ऊन शिकवता येतं. रोज थोडा थोडा वेळ गरमीत व्यायाम केला तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण हे सगळं हळूहळू. पुण्याच्या एसीतून उतरून पहिल्याच रविवारी चोवीस किलोमीटर, हा शुद्ध आगाऊपणा होता.

बुधवारी पहाटे मी अर्धा तासच पळायचं ठरवून हळूच दार उघडलं, तर अंगणात मामा! स्कूटरवर बसलेला, हॅन्डलला ताकाची बाटली लटकवलेली.

‘‘उजाडल्यावर जा म्हणून मीच सांगितलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘चूक माझी निम्मी. चल, पावणेपाच झाले.’’

त्या दिवसापासून मी पुढे आणि मामाची स्कूटर मागे! हेडलाइटच्या उजेडात माझीच सावली माझ्यापुढे पळायची. अर्धा तास, चाळीस मिनिटं, पन्नास मिनिटं. चौथ्या दिवशी मामाने स्कूटर बंद करून शेवटचा किलोमीटर सोबत चालून काढला. मामीने एकच अट घातली. घरी कितीला यायचं ते ठरवून निघायचं, किती किलोमीटर ते नाही. आमच्या घरात मुलींसाठी पूर्वी ‘सातच्या आत घरात’ होतं, संध्याकाळचं. आता सकाळचं ‘नऊच्या आत घरात’ झालं. फरक एवढाच की या वेळी नियम मीही मनापासून मान्य केला होता.

माणदेशातून साताऱ्याला

दुसऱ्या शुक्रवारी साताऱ्याच्या मैत्रिणीकडे निघाले. हायवे सोडून मुद्दाम तासगाव, विटा, मायणी, वडूज असा रस्ता धरला. तासगावचे द्राक्षमळे मागे पडले की हिरवा रंग विरळ होत जातो. हा दुष्काळी पट्टा. इथून जवळच्याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली. मग ती तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद असा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत पोचली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. गाडीच्या काचेतून ती उघडी माळरानं बघताना मला माझ्या ट्रेडमिलची जरा शरमच वाटली.

आणि सातारा? या गावाचं मॅरेथॉनशी नातं तर शंभर वर्षांहून जुनं आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटा चकित झाले, आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ गेला. त्या संघात मॅरेथॉनसाठी बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, ते एकोणिसावे आले. आणि दुसरे होते आपल्या साताऱ्याचे सदाशिव दातार.

यवतेश्वरचा घाट

साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. तोच रस्ता आम्ही पकडला. पोवई नाका, राजवाडा, समर्थ मंदिर आणि मग यवतेश्वरचा घाट. चार बायका, दोन पुरुष, कपाळावर टॉर्च. एकीचं बाळ रडत होतं म्हणून निघायला साडेपाच झाले. माझा बेत अर्थातच राहून गेलेल्या चोवीसचा होता.

घाटात पळणं म्हणजे निम्मं चालणंच. इथल्या मंडळींना त्याची बिलकूल लाज नाही. चढ खडा झाला की चालायचं, सपाट झाला की पळायचं. मागे वळून पाहिलं तर खाली सातारा शहर दिव्यांसकट झोपलेलं, समोर अजिंक्यतारा. वर पोचल्यावर वारा लागला आणि मी अक्षरशः हसले. सांगलीच्या मानाने हा फ्रीजच! डावीकडे उरमोडीचं पाणी आणि पलीकडे सज्जनगड, उजव्या हाताला कण्हेरचा जलाशय. रस्ता सरळ पुढे कासला जातो. पाय हलके, श्वास शांत. दहा दिवसांच्या सरावाचं फळ मिळत होतं.

१०.३ किलोमीटरला घड्याळ पाहिलं. सव्वासात. बारापर्यंत जाऊन वळले असते तर चोवीस झाले असते, पण खाली पोचायला नऊ वाजून गेले असते. शेवटचे किलोमीटर शहरातल्या तापलेल्या डांबरावरचे.

‘‘जाऊ या का अजून थोडं?’’ मैत्रिणीने विचारलं. ‘‘तू तर एकदम फ्रेश दिसतेस.’’

फ्रेश तर मी विश्रामबागेतही होते, सोळाव्या किलोमीटरला. घर दोन गल्ल्या पलीकडे असताना.

‘‘वळू या,’’ मी म्हणाले.

पावणेनऊला पोवई नाक्याजवळ तिच्या दारात उभी होते. घड्याळात २०.६. पळणाऱ्यांना ही खाज माहीत असेल. असा तुटका आकडा दिसला की आपण इमारतीभोवती गोल गोल फिरून तो पूर्ण करतो. चारशे मीटर, दोन-तीन मिनिटांचं काम. मी बूट काढले.

कंदी पेढा तोंडात टाकला तोच फोन वाजला. मामा.

‘‘पोचलीस?’’

‘‘पोचले. पंधरा मिनिटं हातात ठेवून.’’

‘‘शाब्बास,’’ तो म्हणाला. किती किलोमीटर झाले, ते त्याने विचारलंच नाही.

उन्हाळ्यात पळणार असाल तर...

* परतायची वेळ आधी ठरवा, अंतर नंतर. सोबत शोधा. मुलींनो, घरच्यांनाच कामाला लावा!
* पहिले दहा-चौदा दिवस अंतर आणि वेग दोन्ही कमी ठेवा. वेग घड्याळावर नाही, श्वासावर ठरवा.
* तहान लागेल तसं प्या. ताक, लिंबू-सरबत, ओआरएस चालेल. नुसतं पाणी ढोसत राहणंही घातक असतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी झालेलं आढळलं होतं.
* अंगावर काटा, मळमळ, डोकेदुखी, चक्कर यातलं काहीही जाणवलं की थांबा. सावली, ओलं फडकं, वारा.
* सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर त्याच्यावर लगेच पाणी ओता आणि १०८ ला फोन करा. आधी गार करायचं, मग हलवायचं.